समर कॅम्पची फी आणि इस्रायलची ट्रिप: मदत कुणाकडे, कधी आणि कोणत्या क्रमाने मागायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतं. तुम्ही ठाण्याच्या, इथे रजिस्टर्ड नर्स. मिस्टर इस्रायलमधल्या लोदला जन्मलेले, तिथेच वाढले आणि नोकरीसाठी अमेरिकेत आले. मुलगी ११ वर्षांची, पब्लिक स्कूलमध्ये. तिला सिनेगॉगमधल्या मैत्रिणींबरोबर चार आठवड्यांच्या ज्यू निवासी कॅम्पला जायचंय आणि वेबसाइटवर फी आहे ७,६०० डॉलर. मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. त्याला मित्रांबरोबर उन्हाळ्यात इस्रायलची टीन ट्रिप करायची आहे. तुम्ही लिहिलंय, "दोघांचे पगार आहेत, त्यामुळे मदत मागायची लाज वाटते, पण दोन्ही खर्च एकदम झेपणार नाहीत. पैसे कुठून उभे करायचे?" शिवाय ठाण्याच्या १८ वर्षांच्या भाचीला असं काही करता येईल का, असंही विचारलंय.

पैसे मिळण्याच्या जागा पुष्कळ आहेत. खरी अडचण क्रमाची आहे. काही अनुदानं आयुष्यात एकदाच मिळतात, काही फक्त पहिल्या वर्षी, काही जानेवारीत संपतात, आणि काहींमुळे दुसरी मदत तेवढ्याने कमी होते. मुलाच्या बाबतीत तर पैशाच्या आधी एक कागदपत्रांचं काम आहे, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. माझा सल्ला असा, की येत्या उन्हाळ्यात मुलीचा कॅम्प करा, मुलाची ट्रिप त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे अकरावी झाल्यावर. मित्रांचा गट याच वर्षी जाणार असेल तर तो नाराज होईल, हे मान्य. तरी क्रम हाच का, ते पुढे सांगते.

आधी लाजेबद्दल, कारण अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. आपल्याकडे "कुणापुढे हात पसरायचा नाही" हे इतकं मुरलेलं असतं, की लोक अर्ज उघडतात आणि उत्पन्नाच्या रकान्याशी येऊन बंद करतात. पण हे कॅम्प मुळात कशासाठी निघाले ते बघा. न्यू यॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंगला असलेला सरप्राइज लेक कॅम्प १९०२ साली सुरू झाला, तो न्यू यॉर्क शहरातल्या लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा कोंदट घरांत राहणाऱ्या स्थलांतरित मुलांना मोकळी हवा मिळावी म्हणून. पुढे १९४७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथाचा पहिला रामा कॅम्प निघाला, मग इतर पंथांचे आणि चळवळींचे निघाले. बहुतेक कॅम्प ना-नफा तत्त्वावर चालतात आणि देणगीदारांनी फीसवलतीसाठी दिलेले पैसे त्यांना त्याच कामाला वापरावे लागतात. तो निधी तुमच्यासारख्या घरांसाठीच असतो. अगदी तळाच्या उत्पन्नाची कुटुंबं त्यात येतातच, पण दोन पगार, घरकर्ज, दोन मुलं आणि दोन देशांतले म्हातारे आईवडील अशी मधली घरंही येतात. समितीला ही परिस्थिती चांगली ओळखीची असते.

आता फी. आधी ७,६०० म्हणजे नेमकं काय ते विचारा. बऱ्याच कॅम्पमध्ये हल्ली दोन-तीन स्तरांची फी असते. सर्वांत वरचा स्तर म्हणजे एका मुलावर होणारा प्रत्यक्ष खर्च, खालचे स्तर देणग्यांनी हलके केलेले. कोणता स्तर निवडायचा ते तुम्ही ठरवता, त्यासाठी पगाराचे कागद मागत नाहीत, आणि कोण कोणत्या स्तरावर आहे हे केबिनमध्ये कुणालाच कळत नाही. तुम्ही पाहिलेला आकडा वरचा असेल तर पहिले पाचशे-हजार डॉलर इथेच सुटतील. ज्यू निवासी कॅम्पची फी साधारण आठवड्याला १,००० ते २,००० डॉलरच्या घरात असते, त्यामुळे तुमचा आकडा अवाजवी नाही. मात्र बस, डफल बॅग, चादरी, रेनकोट, कॅन्टीनचे पैसे असे ६०० ते ८०० डॉलर वेगळे धरा. या खर्चाला सहसा मदत मिळत नाही.

मागण्याचा क्रम असा ठेवा. पहिलं पाऊल 'वन हॅपी कॅम्पर'. १९९८ साली स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्पचा हा कार्यक्रम आहे. पहिल्यांदाच निवासी ज्यू कॅम्पला जाणाऱ्या मुलाला १,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पगार कितीही असो, मूल पहिल्यांदा जातंय एवढं पुरे. पैसे मात्र एका मध्यवर्ती तिजोरीतून येत नाहीत. तुमच्या भागातली ज्यू फेडरेशन (समाजातून देणग्या गोळा करून वाटणारी स्थानिक संस्था), कॅम्प स्वतः किंवा एखादी चळवळ, असा कुणीतरी प्रायोजक असतो. वेबसाइटवर झिप कोड, इयत्ता आणि कॅम्पचं नाव टाकलं की तुमचा प्रायोजक कोण ते कळतं. प्रायोजकागणिक नियम बदलतात. सेशन सलग किती दिवसांचं हवं, ज्यू डे स्कूलमधली मुलं चालतात का, अशा गोष्टी तिथेच वाचा. तुमची मुलगी पब्लिक स्कूलमध्ये आहे आणि चार आठवडे जाणार आहे, म्हणजे या दोन्ही प्रश्नांत तुमची बाजू भक्कम आहे.

इथे हमखास होणारी चूक सांगते. "आधी आठवडाभर पाठवून बघू, आवडलं तर पुढच्या वर्षी चार आठवडे," असं ठरवणं समजूतदारपणाचं वाटतं. पण छोट्या सेशनला अनुदान एकतर मिळत नाही किंवा कमी मिळतं, आणि काही ठिकाणी 'पहिल्यांदा' हा हक्क त्यातच खर्च होतो. छोटं सेशन करायचंच असेल तर आधी प्रायोजकाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. दुसरी चूक उशिराची. प्रायोजकाकडचं बजेट ठरावीक असतं आणि ते संपलं की दार बंद. अर्ज बहुधा शरद ऋतूत उघडतात. सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात.

दुसरं पाऊल कॅम्पची स्वतःची शिष्यवृत्ती. ही उत्पन्न बघून देतात. गेल्या वर्षीचं १०४० (टॅक्स रिटर्न), डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला), अलीकडच्या पे स्लिपा आणि एक पत्र मागतात. या पत्रावर बरंच अवलंबून असतं आणि तेच लोक सर्वांत वाईट लिहितात. मुलीला कॅम्प किती आवडेल, परंपरा किती महत्त्वाची आहे, यावर दोन पानं भरतात आणि आकडा एकही नसतो. समितीला मुलीची ओढ पटवून द्यावी लागत नाही, तिथे बसलेल्या माणसांना ती आधीच पटलेली असते. त्यांना हवं असतं, की टॅक्स रिटर्नवर जे दिसत नाही ते सांगा.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी दिसत नाहीत. एक, ओव्हरटाइम. नर्सच्या गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये जादा शिफ्टचे पैसे मिसळलेले असतात आणि उत्पन्न फुगलेलं दिसतं. यंदा त्या शिफ्ट नसतील तर तसं लिहा आणि चालू वर्षाची पे स्लिप जोडा. दोन, घराबाहेर पाठवले जाणारे पैसे. लोदला सासूबाईंना, ठाण्याला आईला दरमहा काही पाठवत असाल, तर अमेरिकी अर्जात त्याला रकानाच नसतो आणि आपले लोक ते कर्तव्य समजून गाळतात. ते लिहायचं आणि बँकेची नोंद जोडायची.

पत्र अर्ध्या पानाचं पुरे. साधारण असं: "गेल्या वर्षीच्या उत्पन्नात ओव्हरटाइमचे अमुक डॉलर आहेत, ते यंदा नाहीत. घरकर्जाचा हप्ता महिन्याला अमुक. दोघांच्या आयांना मिळून महिन्याला ४०० डॉलर पाठवतो. मुलाच्या पुढच्या वर्षीच्या खर्चाची तरतूद आत्तापासून करतो आहोत. आम्ही स्वतः ४,३०० डॉलर हप्त्यांनी भरू शकतो. पहिल्या वर्षाच्या १,००० डॉलर अनुदानासाठी अर्ज केला आहे, सिनेगॉगकडून ५०० अपेक्षित आहेत. आपल्याकडे १,८०० डॉलरची विनंती आहे." आपण किती भरू शकतो तो आकडा आपणच आधी सांगायचा. तो नसला की समिती स्वतः अंदाज करते आणि तो तुमच्या अंदाजापेक्षा जास्तच निघतो. शिवाय इतर मदतीचा उल्लेख आधीच केला की ती नंतर उघड होऊन कॅम्पने आपली शिष्यवृत्ती तेवढ्याने कमी करण्याचा प्रसंग येत नाही.

तिसरं पाऊल सिनेगॉग आणि फेडरेशन. बऱ्याच सिनेगॉगमध्ये रब्बींकडे थोडा निधी असतो, त्याची जाहिरात नसते. फोन करून वेळ मागायची आणि नेमका आकडा सांगायचा. रक्कम लहान असते, पण निर्णय पटकन होतो. फेडरेशनच्या गरजेवर आधारित शिष्यवृत्तीची मुदत वेगळी असते आणि पुष्कळदा हिवाळ्यात संपते, ती तारीख आजच शोधून कॅलेंडरवर टाका.

आता हिशेब जुळवून पाहू. ७,६०० मधून १,००० गेले, कॅम्पचे १,८०० गेले, सिनेगॉगचे ५०० गेले, राहिले ४,३००. ऑक्टोबर ते मे असे आठ हप्ते पाडले तर महिन्याला साधारण ५४० डॉलर. नोंदणी उशिरा केली तर हप्ते कमी मिळतात आणि तोच आकडा महिन्याला हजारावर जातो. लवकर नोंदणी करायचं हे सर्वांत मोठं कारण आहे. डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं तेही बघून ठेवा. शिष्यवृत्तीचा निर्णय त्या तारखेनंतर येणार असेल तर कॅम्पला विचारा, बहुतेक ठिकाणी तेवढी सूट देतात. तरीही तूट पडली तर हिब्रू फ्री लोन संस्था बिनव्याजी कर्ज देतात. तोराहमध्ये, म्हणजे ज्यू धर्मग्रंथात, गरजू बांधवाकडून व्याज घ्यायला मनाई आहे, त्यावर ही परंपरा उभी आहे. न्यू यॉर्कची संस्था १८९२ पासून चालू आहे. जामीनदार मात्र लागतो, आणि तुमच्या काउंटीला कोणती संस्था लागू होते ते आधी बघा.

तुम्ही नर्स आहात, म्हणून एक वेगळा रस्ता आहे आणि तो नीट विचारात घ्यावा असं मला मनापासून वाटतं. निवासी कॅम्पना दर उन्हाळ्यात नर्सची चणचण असते. दोन किंवा चार आठवडे काम करणाऱ्या नर्सच्या मुलांची फी पूर्ण किंवा बरीचशी माफ करणं ही सर्रास पद्धत आहे. मूल आपल्या केबिनमध्येच राहतं आणि आई आरोग्य केंद्रात. काही मुलींना आई जवळ असणं आवडतं, काहींना अजिबात नाही, म्हणून हे लेकीला विचारूनच ठरवा. करारात रात्रीच्या कॉलची पाळी, एकूण नर्स किती, सुटीचा दिवस आणि विमा कुणाचा हे लेखी असू द्या. लायसन्स राज्यागणिक बघावं लागतं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या करारात आहेत, त्यामुळे तुमचं लायसन्स मल्टीस्टेट असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनोज डोंगरातले कॅम्प सोपे. न्यू यॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाही, तिथल्या कॅट्सकिल्स डोंगरातल्या कॅम्पसाठी वेगळी परवानगी लागेल. टीबीची तपासणी मागितली तर रक्तावरची करा. भारतात लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या फेऱ्या सुरू होतात. फी माफ झाली तर वरची अनुदानं लागू राहतात का, ते प्रायोजकाला विचारा.

करसवलतीबद्दल मोठा गैरसमज आहे. निवासी कॅम्पचा खर्च डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) किंवा चाइल्ड केअर क्रेडिटमध्ये चालत नाही. डे कॅम्पचा चालतो, मूल १३ वर्षांचं होईपर्यंत आणि आईवडील दोघेही कामाला असतील तर. मुलगी सुटीचे उरलेले आठवडे तशीही कुठेतरी जाणारच असेल, तर ते डे कॅम्पचे पैसे एफएसएतून भरा. त्याची वार्षिक मर्यादा ५,००० डॉलर होती, २०२६ पासून ती ७,५०० झाली आहे. एफएसएची निवड नोकरीच्या ठिकाणच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे वर्षातून एकदा सुविधा निवडायच्या मुदतीत करावी लागते, आणि तो काळ नेमका शरद ऋतूत येतो.

कॅम्प निवडताना पंथाच्या नावापेक्षा दिवस कसा जातो ते विचारा. बेने इस्रायल घरांत सिनेगॉगची पद्धत बऱ्यापैकी कर्मठ आणि घरचं वागणं मोकळं, असं असतं. त्यामुळे रिफॉर्म कॅम्प कधी फार सैल वाटतो, ऑर्थोडॉक्स कॅम्प फार घट्ट. रोज प्रार्थना किती वेळ, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) पोहणं आणि संगीत चालतं का, मुलींना तोराह वाचायला मिळते का, हे विचारलं की चित्र स्पष्ट होतं. जेवण बहुतेक ठिकाणी कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे असतं, दूध आणि मांस वेगळं. तुमच्या घरीही तेच असल्यामुळे मुलीला नवं काही नाही, फक्त वरणभाताची सवय असलेल्या मुलीला चार आठवडे पास्ता जड जातो. सॅलड बार आणि रोजचा शाकाहारी पर्याय आहे का, ते बघा. लोणच्याची बाटली सोबत देऊ नका. केबिनमध्ये खाण्याचे पदार्थ चालत नाहीत. ॲलर्जी, अस्वलं आणि उंदीर ही त्याची कारणं आहेत.

"तिथे ती वेगळी पडेल का?" असंही तुम्ही विचारलंय. दिसायला वेगळी असेल, आणि "तू ज्यू कशी?" हा प्रश्न तिला नक्की येईल. त्याचं दोन वाक्यांचं उत्तर घरीच तयार करून द्या. पूर्वज कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले असं आपण मानतो, आणि घरी मराठी बोलतो, एवढं पुरे. कॅम्प कुणाकडे पुरावा मागत नाहीत. आणि एक गोष्ट तिला आपोआप ओळखीची वाटेल. शनिवारी रात्री हवदालाला, म्हणजे शब्बाथच्या निरोपाच्या विधीला, दिवे मालवतात, सगळे खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती पेटते आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव गायलं जातं. ज्या घरात मलिद्याचं ताट मांडून त्याच नावाने नवस फेडतात, त्या घरातल्या मुलीला ते नाव परकं वाटत नाही. मद्रिखाला, म्हणजे केबिनच्या ताईला, मलिद्याबद्दल आधी ईमेलने कळवलंत तर ती एखाद्या संध्याकाळी पोहे, गूळ, खोबरं आणि फळं मागवून तो करवूनही घेईल. अशा गोष्टींना कॅम्पवाले उत्सुक असतात.

आरोग्याचे फॉर्म मे महिन्यापर्यंत लागतात. डॉक्टरची तपासणी अलीकडची हवी आणि लसींची नोंद पूर्ण. औषधं मूळ वेष्टनात, किंवा कॅम्पने ठरवलेल्या फार्मसीकडून रोजच्या पाकिटांत. आपल्याकडची अडचण वेगळीच असते. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, च्यवनप्राश, हळदीच्या कॅप्सूल. डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय कॅम्पची नर्स यातलं काहीही देऊ शकत नाही, आणि पहिल्या दिवशी बॅगेत सापडलं तर काढून ठेवते. तुम्हाला हे कळेल, पण आजीलाही सांगून ठेवा. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनियात गोचिडींमुळे लाइम आजार होतो. लांब मोजे द्या आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायची सवय आत्तापासून लावा.

फोन बहुतेक कॅम्पमध्ये चालत नाही. घरची आठवण पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत जास्त छळते आणि ती पत्राने वाढते किंवा कमी होते. पहिलं पत्र मुलगी निघायच्या आधीच पोस्टात टाका, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पडेल. त्यात "तुझ्याशिवाय घर सुनंसुनं वाटतंय, दादा जेवत नाहीये" असं लिहू नका. ते वाचून मूल घरच्यांची काळजी करत बसतं. "तलावाचं पाणी गार आहे का? कोणत्या बंकवर झोपतेस?" असं विचारा. आणि "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन" हे वचन देऊ नका. कठीण रात्री मूल तेवढंच धरून बसतं. शिवाय अनुदानाच्या किमान दिवसांआधी परत आणलं तर ते रद्द होऊ शकतं.

आता मुलाचं. लोदला जन्मलेले तुमचे मिस्टर इस्रायली नागरिक आहेत. म्हणजे अमेरिकेत जन्मलेला तुमचा मुलगाही इस्रायली कायद्यानुसार जन्माने नागरिक आहे, त्याची नोंद केलेली असो वा नसो. इस्रायली नागरिकाने इस्रायली पासपोर्टवर आत जायचं आणि बाहेर पडायचं असा नियम आहे. अमेरिकी पासपोर्टवाल्या इतर मुलांना १ जानेवारी २०२५ पासून ईटीए-आयएल नावाची ऑनलाइन परवानगी लागते, २५ शेकेलची. तुमच्या मुलासाठी ती वाट नाही. अधूनमधून तात्पुरत्या सवलती जाहीर होतात, त्यांवर विसंबू नका. न्यू यॉर्कच्या इस्रायली कॉन्सुलेटमध्ये आधी जन्माची नोंद, मग पासपोर्ट, असं काम आहे आणि अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो.

त्याला लागूनच लष्कराचा विषय. परदेशात वाढलेल्या इस्रायली मुलांनाही १६-१७ च्या सुमाराला लष्करी नोंदणीच्या सूचना येतात. परदेशात जन्मलेल्या किंवा लहानपणीच आईवडिलांबरोबर देश सोडलेल्या मुलांसाठी 'स्थलांतरितांचे अपत्य' असा वेगळा दर्जा आहे. तो मिळाला की ठरावीक मर्यादेत इस्रायलला ये-जा करता येते आणि भरतीचं ओझं येत नाही. हा दर्जा कॉन्सुलेटमार्फत मागायचा, ट्रिपच्या आधी. हे केलं नाही तर गट पुढे निघून जातो आणि आपलं मूल विमानतळावर अधिकाऱ्यासमोर बसून राहतं. नेमकं काय लागू होईल हे मिस्टरांच्या नागरिकत्वाच्या नोंदींवर अवलंबून आहे, म्हणून कॉन्सुलेटचं उत्तर लेखी घ्या. मुलाची ट्रिप वर्षभर पुढे ढकला म्हणते ती मुख्यतः या कामासाठी.

पैशाच्या बाजूने त्याचं सोपं आहे. टीन ट्रिपसाठी रूटवन नावाचा कार्यक्रम ३,००० डॉलरपर्यंतचं व्हाउचर देतो. ते ट्रिप आयोजकामार्फतच मिळतं, ट्रिप जितकी लांब तितकी रक्कम मोठी, आणि जाण्याआधीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची ट्रिप रूटवनमध्ये आहे का, आणि जागा किती उरल्या आहेत? काही सिनेगॉग आणि फेडरेशन मिळून 'गिफ्ट ऑफ इस्रायल' नावाची बचत योजनाही चालवतात, पण ती लहानपणी सुरू केली तरच उपयोगाची. मुलीसाठी चौकशी करा. १८ ते २६ वयात बर्थराइट या संस्थेची इस्रायलची दहा दिवसांची मोफत ट्रिप असते. पूर्वी शाळेच्या वयात गटाने जाऊन आलेल्यांना ती मिळत नसे, आता तशी अडचण नाही. पैसे फारच ताणले गेले तर मुलाला स्पष्ट सांगता येईल, की अठरा पूर्ण झाल्यावर ही वाट उघडी आहे.

आणि सुरक्षितता. जून २०२५ मध्ये इराणबरोबरच्या युद्धात इस्रायलचं हवाई क्षेत्र बंद झालं, तेव्हा बर्थराइटने सुमारे १,५०० तरुणांना जहाजाने सायप्रसला नेलं. त्यामुळे आयोजकाला चार गोष्टी लेखी विचारा. ट्रिप रद्द करायचा निर्णय कोण आणि कधी घेतं, ऐनवेळी दुसऱ्या देशात नेली तर पैसे परत मिळतात का, मध्येच परत आणायचा खर्च कुणाचा, आणि तेव्हा व्हाउचरचं काय होतं. साध्या प्रवास विम्यात युद्ध बहुधा वगळलेलं असतं. 'कोणत्याही कारणाने रद्द' प्रकारचा विमा महाग असतो, ५० ते ७५ टक्के परत करतो, आणि पहिलं डिपॉझिट भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांतच घ्यावा लागतो. लोक तो ट्रिपच्या आदल्या महिन्यात शोधतात आणि तेव्हा मिळत नाही.

भाचीसाठी. अमेरिकेतली वरची अनुदानं इथल्या रहिवाशांसाठी आहेत, ती तिला लागू नाहीत. पण तिला १८ पूर्ण झाली असतील तर पाहुणी म्हणून येण्यापेक्षा कर्मचारी म्हणून येणं चांगलं. कॅम्प काउन्सेलरसाठी जे-१ व्हिसा असतो. तो कॅम्प थेट देत नाही, मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था डीएस-२०१९ हा कागद देते, मग ३५ डॉलरचं सेव्हिस (व्हिसाधारकांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क, मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. पोहणं, चित्रकला, नृत्य, क्रिकेट असं एखादं शिकवता येण्याजोगं कौशल्य आणि शिक्षण चालू असल्याचा पुरावा सोबत हवा. कॅम्पची भरती जानेवारी-फेब्रुवारीत भरत येते, त्यामुळे तिने अर्ज दिवाळीच्या सुमाराला करावा. तिला युरोप चालणार असेल तर हंगेरीत सार्वाशला जेडीसी ही ज्यू मदतसंस्था आणि लॉडर फाउंडेशन १९९० पासून आंतरराष्ट्रीय ज्यू कॅम्प चालवतात. त्याची आणि भारतातून निघणाऱ्या बर्थराइट गटांची चौकशी मुंबईत जेडीसीच्या एव्हलिन पीटर्स केंद्रात करता येईल. तिला शेन्गेन व्हिसा लागेल आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून पासपोर्टची मुदत तिने याच आठवड्यात तपासावी.